दुसऱ्या गिअरवरच्या संध्याकाळी

गाडी घेतली ती निवृत्तीनंतर. कारखान्याची नोकरी संपली, कारखान्याच्या टाऊनशिपमधला क्वार्टर सोडावा लागला आणि आम्ही दोघं भोपाळमध्येच बिट्टन मार्केटजवळच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. शहराबाहेर मंडीदीपच्या एका लहान कारखान्यात मला आठवड्यातून तीनेक दिवस सल्लागाराचं काम मिळालं होतं. येण्याजाण्याला चांगली गाडी हवी होती, आणि बायकोला उंच गाडी हवी होती. "समोरचं दिसलं पाहिजे बाबा, ट्रकच्या मागे ट्रकच बघून राहिलोय," ती म्हणायची. म्हणून ही डिझेलची, मधल्या आकाराची, पाच माणसं आणि त्यांचं सामान नेणारी गाडी आली. घरात माणसं दोनच होती. मुलगा बंगळुरूला.

मी मिरजेचा, ती इंदूरची. "काय करून राहिलात?" हे तिचं मराठी ऐकून लग्नानंतर मला हसू यायचं. पुढे पुढे मीही तसंच बोलायला लागलो आणि मिरजेचे लोक मला हसायला लागले.

कारखान्यात मी मोठ्या विद्युत मोटारींची चाचणी घेणाऱ्या विभागात होतो. यंत्राच्या पाटीवर काय कोरलंय आणि यंत्र प्रत्यक्षात काय देतं, हे बघण्यात माझी सगळी नोकरी गेली. ती सवय गाडीच्या बाबतीतही राहिली. कंपनीने ॲव्हरेज अठराच्या वर सांगितलं होतं. ते कुणालाच मिळत नाही, हे मला माहीत होतं. पण आपल्याला किती मिळतं, ते तर कळायला हवं. डॅशबोर्डवरचा आकडा थोडा फुगवलेला असतो, म्हणून मी पंपावर टाकी काठोकाठ भरायचो, पुन्हा काठोकाठ भरेपर्यंत चालवायचो आणि मनातल्या मनात भागाकार करायचो. शहरात बारा. मंडीदीपच्या रस्त्याला पंधरा. इंदूरला तिच्या बहिणीकडे जाताना, ऐंशीचा वेग धरून, उगाच ब्रेक न मारता गेलं तर सतरा.

"तुम्ही गाडी चालवून राहिलात की तिची परीक्षा घेऊन राहिलात?" ती विचारायची. शेजारच्या सीटवर बसून ती पेरू कापायची, तिखट-मीठ लावून एकेक फोड माझ्या हातात द्यायची. चालत्या गाडीत सुरी चालवू नकोस, हे मी प्रत्येक वेळी सांगायचो आणि प्रत्येक वेळी फोड खायचो.

आजाराची पहिली खूण त्याच रस्त्यावर दिसली. आष्टा मागे पडलं होतं. ती म्हणाली, "अहो, आपण कुठे चाललोय?"

"ताईकडे."

"हो का? वा." ती खूश झाली. सोनकच्छच्या आसपास तिने पुन्हा विचारलं. देवास यायच्या आत तिसऱ्यांदा. मला वाटलं चेष्टा करते. तिच्याकडे पाहिलं तर चेष्टेचं काहीच चेहऱ्यावर नव्हतं. हातात पेरू होता आणि सुरी कुठून धरायची, मुठीकडून की पात्याकडून, ते तिला ठरवता येत नव्हतं. मी गाडी बाजूला घेतली आणि सुरी काढून घेतली. त्या फेरीला सतरा आलं होतं की नाही, ते मी पाहिलं नाही.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या, मेंदूचे फोटो काढले आणि आजाराचं नाव सांगितलं. गोळ्यांनी वेग कमी होईल, परत फिरणार नाही, असं स्पष्ट म्हणाले. मी मंडीदीपचं काम सोडलं. मुलाला फोनवर सांगितलं, "आईला विसरायला होतंय जरा." यापेक्षा जास्त फोनवर कसं सांगायचं ते मला सुचेना.

सकाळी ती बरी असायची. नळ बंद करायची, देवाला फुलं वाहायची, माझ्या शर्टाचं तुटलेलं बटण बोटांनी चाचपून "हे लावायला हवं" म्हणायची. टाऊनशिपच्या महिला मंडळात तिने कितीतरी बायकांना शिवण शिकवलं होतं. हातांना ते अजून आठवत होतं. ऊन उतरायला लागलं की मात्र ती बदलायची. पिशवीत टॉवेल, वाटी, कंगवा असं काहीबाही भरून दाराशी उभी राहायची.

"चला. घरी जाऊ. उशीर झाला. तो शाळेतून येऊन दाराशी उभा असेल."

"अगं, हेच आपलं घर."

"हे? हे या लोकांचं आहे. चला ना हो."

मी सुरुवातीला समजूत घालायचो. कपाटातल्या तिच्या साड्या दाखवायचो, भिंतीवरचा मुलाच्या लग्नाचा फोटो दाखवायचो. त्याने ती आणखी घाबरायची. एका संध्याकाळी तिने "मला सोडा, मला सोडा" असा आरडाओरडा केला आणि समोरच्या फ्लॅटमधले लोक दार उघडून पाहायला लागले.

मग बाजाराच्या दिवशी ती निसटली. मी दूध तापवत होतो, दार उघडं राहिलं. बिट्टन मार्केटच्या हाटात तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. मेथीच्या जुड्या, ओरडणारे भाजीवाले, स्कूटरी, आणि त्यात मी तिच्या साडीचा रंग सांगत फिरत होतो. शेवटी ती एका भाजीवालीच्या शेजारी पोत्यावर बसलेली सापडली. मटार सोलत होती. भाजीवाली म्हणाली, "अम्माजी बोल रही थीं, घर दूर है, कोई लेने आएगा." तिने मला पाहिलं आणि शांतपणे उठली. पण फ्लॅटच्या जिन्यापाशी येताच पुन्हा तेच. पायरीवर पाय ठेवेना. "इथे नाही. घरी."

तेव्हा मी तिला गाडीत बसवलं. घरी म्हणजे तिच्या मनात टाऊनशिपमधला क्वार्टर, हे मला माहीत होतं. म्हटलं, एकदा दाखवूच. चेतक पुलावरून गोविंदपुऱ्याकडे, टाऊनशिपच्या दिशेला वळलो तशी ती सैल झाली. सीटला पाठ टेकली. सीटबेल्टची पट्टी वीत लावून मोजायला लागली, आपल्या शिवणातल्या मापांनी. मला वाटलं, जमलं.

आमचा क्वार्टर रिकामा होता. ती सगळी ओळच रिकामी होती. खिडक्यांच्या चौकटी कुणी काढून नेल्या होत्या, अंगणात गुडघ्याएवढं गाजरगवत माजलं होतं. तिने मुलाच्या जन्माच्या वर्षी लावलेलं सीताफळ मात्र जिवंत होतं. मी तिला हाताला धरून फाटकापाशी नेलं. ती बराच वेळ पाहत राहिली.

"ओळखलंस?"

"हे नाही," ती म्हणाली. "हे कुणाचं तरी पडलंय. चला, घरी जाऊ."

मी तिला परत गाडीत बसवलं. आता नेणार कुठे? टाऊनशिपच्या आतल्या रस्त्यांवरून नुसताच फिरत राहिलो, आणि फिरताना ती गप्प होती. रडत नव्हती, ओढाओढ करत नव्हती. अंधार पडल्यावर फ्लॅटवर आलो तेव्हा ती झोपेला आली होती. विनातक्रार जिना चढली.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी गाडी काढायला लागलो.

चालत्या गाडीत तिला आपण घरी निघालोय असं वाटायचं. गाडी थांबली की ते संपायचं. सिग्नलला ती काचेवर हात आपटायची. म्हणून मी सिग्नल नसलेले रस्ते शोधले, आणि तसे रस्ते भोपाळमध्ये टाऊनशिपसारखे कुठे नाहीत. रुंद, सरळ, दोन्हीकडे जुनी झाडं, माणसं तुरळक. टाऊनशिपमधल्याच बरखेड्याहून पिपलानी, पिपलानीहून परत. वेग वाढला की ती डॅशबोर्डला घट्ट धरायची, म्हणून वीसच्या पुढे जायचं नाही. काच उघडी ठेवली की चपला, रुमाल, एकदा तर चष्मा बाहेर टाकलेला, म्हणून काचा बंद आणि एसी चालू. दुसरा गिअर, तासभर, दीड तास.

अशी गाडी चालवली की काय होणार, ते कुणीही सांगेल. ॲव्हरेज बारावरून दहावर आलं, मग नऊ, मग आठ. कुठल्या वेगाला, कुठल्या गिअरला हे इंजिन सगळ्यात कमी पितं, ते मला पाठ होतं. रोज संध्याकाळी मी त्याच्या बरोबर उलट करत होतो.

मुलाशी रविवारी फोनवर बोलणं व्हायचं. आम्हा बापलेकांना बोलायला गाडी हा एक सोयीचा विषय होता.

"बाबा, आता किती देते?"

"आठ."

"आठ? काहीतरी गडबड आहे. इंजेक्टर बघून घ्या. टायरमधली हवा बघा."

"बघतो."

गाडी सर्व्हिसिंगला नेली तेव्हा डॅशबोर्डवर एक पिवळा दिवाही लागला होता. डिझेलच्या नव्या गाड्यांत धुरातली काजळी अडवणारी जाळी असते. गाडी हळूच चालवत राहिलं की ती तुंबते. मोकळ्या रस्त्यावर काही वेळ वेगात पळवली की आतली काजळी जळून जाते. वर्कशॉपमधल्या माणसाने तेच सांगितलं. "अंकल, बाकी गाड़ी एकदम ठीक है. हफ़्ते में एक बार हाईवे पे खींच दिया करो."

दिवाळीला मुलगा एकटाच आला. सकाळच्या वेळी आईने त्याला नावाने हाक मारली, चकली दिली. तो मला म्हणाला, "तशी बरी आहे की, बाबा." मी म्हणालो, "संध्याकाळी चल आमच्याबरोबर."

तो मागे बसला. गोविंदपुरा येईपर्यंत सगळं ठीक होतं. मग ती माझ्याकडे झुकून हळू आवाजात म्हणाली, "मागे कोण बसलंय?"

"अगं, आपला मुलगा."

ती वळून पाहत राहिली. दाढी थोडी पांढरी झालेला, चष्मा लावलेला माणूस. "आपला शाळेत आहे," ती म्हणाली, आणि मग घाबरून त्यालाच, "भाऊ, तुम्हाला कुठे सोडायचं? आम्हाला घरी जायचंय." तिचा आवाज चढायला लागला. "अहो, यांना उतरवा. कोण आहेत हे? उतरवा यांना."

तेव्हा मागून मुलगा म्हणाला, "काकू, मला इथेच सोडा. माझं घर इथेच आहे."

मी गाडी थांबवली. तो उतरला, दार हलकेच लावलं आणि तिला नमस्कार केला. "सावकाश जा, भाऊ," ती म्हणाली, एकदम शांत होऊन. मी गाडी पुढे काढली. आरशात तो रस्त्याच्या कडेला उभा दिसत होता, ज्या रस्त्यावर त्याला मी सायकल शिकवली होती. मागे वळून त्याला घ्यायला मी जाऊ शकत नव्हतो. तो रिक्षाने घरी आला.

रात्री जेवताना तो म्हणाला, "टाकी फुल ठेवत जा, बाबा." त्यानंतर त्याने ॲव्हरेज कधी विचारलं नाही.

पिवळा दिवा पुन्हा लागला, म्हणून एका दुपारी मी तिला घेऊन मंडीदीपच्या रस्त्याला लागलो. दुपारी ती बरी असते, असा माझा हिशेब होता. वेग ऐंशीवर नेला. ती समोर पाहत होती, ओठ घट्ट मिटलेले. अचानक वाऱ्याचा मोठा आवाज आत घुसला. तिने दाराची कडी खेचली होती. पुढचं दार आतून खेचलं की उघडतंच. वाऱ्यामुळे दार पुरतं उघडत नव्हतं आणि ती खांद्याने ढकलत होती. पट्टा लावलेला होता म्हणून ती आत राहिली. मी एका हाताने तिचा दंड धरला आणि ब्रेक दाबला. मागचा ट्रक हॉर्न वाजवत अगदी घासून गेला.

"काय करतेस तू?" मी ओरडलो.

"उतरायचंय. तुम्ही कोण? कुठे घेऊन चाललाय मला?"

तिच्या दंडावर माझ्या बोटांचे वळ उठले होते. ते पुढे निळे पडले आणि बरेच दिवस राहिले.

लहान मुलांसाठीचं कुलूप फक्त मागच्या दारांना असतं. ते लावलं की दार आतून उघडत नाही. दुसऱ्या दिवसापासून मी तिला मागे बसवायला लागलो. मी पुढे एकटा, ती मागे एकटी. माझ्या डोक्याची मागची बाजू तेवढी तिला दिसायची.

काही संध्याकाळी ती बोललीच नाही. मग एकदा, पिपलानीच्या चौकातून वळताना, मागून आवाज आला. "भैया, थोड़ा धीरे."

ती माझ्याशी उभ्या जन्मात हिंदी बोलली नव्हती. भाजीवाल्याशी हिंदी, शेजाऱ्यांशी हिंदी, घरात मात्र कधीच नाही. मी आरशात पाहिलं. ती साडीचा पदर नीट करून, गुडघ्यांवर हात ठेवून बसली होती, भाड्याच्या गाडीत अनोळखी ड्रायव्हरच्या मागे बाई बसते तशी.

मी म्हणालो, "जी, बहनजी."

"फैक्टरी की छुट्टी हो गई क्या?"

"हो गई."

"फिर हमारे साहब निकले होंगे. देर से निकलते हैं. मशीन छोड़ते नहीं."

पुढे थोडा वेळ रस्ता रिकामा होता. मी विचारलं, "साहब कैसे आदमी हैं?" का विचारलं, कुणास ठाऊक.

ती म्हणाली, "अच्छे हैं. गुस्सा नहीं करते. पहले बहुत बात करते थे, अब नहीं करते. मुझे ऐसे देखते हैं जैसे कुछ टूट गया हो." मग काचेतून बाहेर पाहत म्हणाली, "मुझसे ऊब गए होंगे."

"नहीं बहनजी. ऐसा नहीं है."

"तुम्हें क्या पता? तुम तो गाड़ी चलाते हो."

मी गाडी चालवत राहिलो. डोळे पुसायला एक हात सोडला तरी चालण्यासारखा वेग होता.

पुढे काही आठवडे मी तिच्या साहेबांचे निरोप तिला पोचवले. नवरा म्हणून मी काहीही बोललो तरी तिच्यापर्यंत जात नव्हतं. ड्रायव्हरचं ती ऐकायची. "बहनजी, साहब कल कह रहे थे, आपके हाथ का थालीपीठ कहीं नहीं मिलता." "बहनजी, साहब बता रहे थे, सारी कॉलोनी की औरतों को आपने सिलाई सिखाई." ती आरशात उजळायची. "सच में? उन्होंने कहा? मुझसे तो नहीं कहा."

"कहेंगे."

दुसऱ्या दिवशी यातलं काही शिल्लक नसायचं. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा साहेब तिला कंटाळलेले. मी पुन्हा पहिल्यापासून सांगायचो. मग ते प्रश्नही गेले. हिंदी गेली, मराठी तर आधीच गेली होती. ती मागे कलंडून बसायची आणि पदराच्या टोकाच्या चुण्या घालायची. गाडी चालू असली काय आणि थांबली काय, तिला फरक पडेनासा झाला. पुढच्या वर्षीची थंडी सुरू झाल्यावर तिचा पाय पायरीवर उचलेना. मी आणि सोसायटीचा वॉचमन मिळून तिला चढवायचो. एके दिवशी ती आमच्या हातातून खाली बसली, तशीच फरशीवर, आणि मी वॉचमनला म्हणालो, "रहने दो." तेव्हापासून गाडी काढणं बंद झालं.

छातीत कफ झाला. दवाखान्यात ती थोडेच दिवस होती. मुलगा आणि सून वेळेत पोचले. तिने कुणालाच ओळखलं नाही. शेवटी श्वास फार वाईट झाला होता. त्याबद्दल मला लिहायचं नाही.

अस्थी घेऊन आम्ही नर्मदेवर गेलो, मी आणि मुलगा. गाडी तो चालवत होता. परत येताना बुधनीच्या पुढच्या घाटात त्याने विचारलं, "शेवटी शेवटी काही बोलायची का तुमच्याशी?"

मी त्याला सांगितलं. ड्रायव्हरचं, साहेबांचं, थालीपिठाचं, सगळं. आयुष्यात एवढं सलग मी त्याच्याशी कधी बोललो नसेन. त्याने मधे एकदाही थांबवलं नाही. घाट उतरल्यावर तो म्हणाला, "बाबा, आतून कुठेतरी तिला कळत असणार. तुम्हीच आहात ते."

तो माझ्यासाठी बोलत होता. त्याचं मन राखायला हो म्हणता आलं असतं. पण रोज आरशात तिचा चेहरा मी पाहिला होता.

"नाही," मी म्हणालो. "तिला नव्हतं कळत."

मंडीदीप आलं, शिफ्ट सुटायची वेळ होती, बसेस आणि ट्रकांनी रस्ता भरून गेला होता. त्या गर्दीत आम्ही बराच वेळ अडकून पडलो. त्याने इंजिन बंद केलं. बाहेर कामगार डबे घेऊन, रस्ता ओलांडून घरी चालले होते. तो म्हणाला, "आता इथे एकटे राहू नका. माझ्याकडे चला." मी म्हणालो, "बघू." पावसाळ्याच्या आधी फ्लॅट आवरला आणि गेलो.